मालगाडी नेमकी कुठे हरली?

रिसर्चचा विषय शोधताना बऱ्याचदा आकडा आधी सापडतो आणि प्रश्न नंतर. आज असाच एक आकडा घेऊ. 1950-51 मध्ये देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त होता. आज तो एक तृतीयांशाच्याही खाली आलाय. बाकीचा बहुतेक माल ट्रकने जातो.

पण यावरून लगेच 'रेल्वे खचली' असं लिहून मोकळे होऊ नका. 1950-51 मध्ये रेल्वेने साधारण 7.3 कोटी टन माल वाहिला, 2022-23 मध्ये 151 कोटी टन. म्हणजे जवळपास वीसपट! रेल्वे वाढलीच, पण देशाची एकूण वाहतूक तिच्यापेक्षा वेगाने वाढली. टक्केवारी दिसली की छेदात काय आहे ते आधी बघा.

आता थोडं विज्ञान. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना जवळजवळ दबत नाही. रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्याला दबतो, पुन्हा सरळ होतो आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून तेवढंच वजन ओढायला रेल्वेला कितीतरी कमी ऊर्जा लागते. इंधन कमी, धूर कमी, खर्चही कमी.

गंमत अशी, की हे विज्ञान 1951 मध्येही हेच होतं. मग वाटा का घसरला? इथे इतिहासाकडे जावं लागतं. एकाच रुळावर प्रवासी गाड्या आणि मालगाड्या, त्यात मालगाडी बाजूला थांबणार. तिचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास राहिला. प्रवासी भाडं कमी ठेवायचं म्हणून तो तोटा मालभाड्यातून भरून काढला गेला. आणि ट्रक थेट गोदामाच्या दारात येतो. रेल्वेने पाठवायचं तर माल आधी ट्रकमध्ये, मग वॅगनमध्ये, मग पुन्हा ट्रकमध्ये. प्रत्येक चढ-उताराला हमाली, वेळ आणि मोडतोड.

खाण ते वीजकेंद्र अशी कोळशाची वाहतूक असेल तर ही अडचण येत नाही. म्हणून कोळसा रेल्वेकडेच राहिला. आजही तिच्या मालात तो जवळपास निम्मा आहे. खरी काळजी इथेच आहे. हवामानासाठी कोळसा कमी करायचा म्हटलं तर रेल्वेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जाणार. आणि भरपाई ज्या मालातून करायची, तो तर कधीच ट्रककडे गेलाय.

यावर एक उत्तर आपल्याच कोकणात शोधलं गेलं. 1999 मध्ये कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत 'रो-रो' सेवा सुरू केली. भरलेला ट्रकच सपाट वॅगनवर चढवायचा, ड्रायव्हरसकट! मधली हमाली संपली, घाटातलं डिझेल वाचलं. अर्थात ट्रकचं स्वतःचं वजनही ओढावं लागतं, म्हणजे फायद्याचा काही भाग तिथे जातो. पूर्व आणि पश्चिम मालवाहतूक मार्गिका हे दुसरं उत्तर: मालगाडीला स्वतंत्र रूळ.

राष्ट्रीय रेल्वे योजनेचं लक्ष्य 2030 पर्यंत 45 टक्के वाट्याचं आहे. तेव्हा 'रेल्वे चांगली की ट्रक?' हा प्रश्न सोडून द्या. कोणता माल, किती अंतर आणि शेवटचे दहा किलोमीटर कसे, असं विचारा. प्रबंधाचा विषय तिथे सापडेल.