रूझवेल्टचं बीपी आणि मास्ट्रिक्टच्या बकऱ्या

आजचा विषय 'हेल्थ चेकअप' छाप वाटेल, पण आहे इतिहासाचाच. तेव्हा मंडळी, पळू नका :)

मार्च १९४४. नॉर्मंडीच्या चढाईला दोन-सव्वादोन महिने उरलेले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना, म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्टना, धाप लागतेय. हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञानं तपासलं. बीपी १८६/१०८, हृदयाची डावी बाजू वाढलेली. अध्यक्षांचे नेहमीचे डॉक्टर मॅकिन्टायर होते कान-नाक-घशाचे, आणि ते जगाला 'प्रकृती उत्तम' असंच सांगत राहिले. ब्रुएननं डिजिटॅलिस दिलं, मीठ आणि सिगारेटी कमी करायला लावल्या. बीपी उतरवणारं धड औषधच तेव्हा नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. त्या दुपारी बीपी होतं ३००/१९०.

गंमत (म्हणजे गंमत कसली!) अशी, की ही वाढलेली डावी बाजू नवी बातमी नव्हतीच. १८३६ मध्येच लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइटनं मूत्रपिंडाच्या रोग्यांची शवविच्छेदनं करताना ती पाहिली होती. कित्येकांच्या झडपा ठणठणीत, तरी डाव्या जवनिकेची भिंत जाड. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला जास्त जोर लागत असावा, असा त्याचा तर्क. दंडाला बांधून दाब मोजायचा पट्टा रीव्हा-रॉचीनं आणला १८९६ त. म्हणजे मीटर यायच्या साठ वर्षं आधी त्याचं रीडिंग कुणीतरी ओळखलं होतं!

पण पुढे अर्थ उलटा लागला. भिंत जाड झाली म्हणजे शरीर जुळवून घेतंय, तालमीतल्या दंडासारखं. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावातूनही पुष्कळांनी 'हा दाब गरजेचाच' असं वाचलं. पॉल डडली व्हाइटसारख्या दिग्गजानंही १९३१ च्या पुस्तकात लिहिलं, की ही भरपाईची यंत्रणा असू शकेल, उगाच छेडू नये. मला हे फार ओळखीचं वाटतं. पॅच चालतोय ना, मग हात लावू नका!

दुसरा धागा होता नाडीचा. बर्नली गावचा साधा जनरल प्रॅक्टिशनर जेम्स मॅकेन्झी गळ्यातल्या शिरेची स्पंदनं कागदावर टिपायचा. नाडी कायमची विस्कटली की वरच्या कप्प्याची, कर्णिकेची, लाट कागदावरून गायब. त्याला वाटलं, कर्णिका लुळी पडली. १९०९ मध्ये थॉमस लुईसनं ईसीजीवरून दाखवलं, की ती तर अखंड थरथरतेय. हेच एट्रियल फिब्रिलेशन. मात्र त्या काळी ते दिसायचं मुख्यतः संधिवाताच्या तापानं झडपा बिघडलेल्यांत, त्यामुळे बीपीशी नातं जोडायला वेळ लागला. फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासानं १९९४ मध्ये आकडा दिला: बीपी असलेल्यांना हा धोका सुमारे दीडपट. दीडपट ऐकायला किरकोळ, पण बीपीवाले इतके असतात की समाजातल्या फिब्रिलेशनमध्ये सर्वात मोठा वाटा बीपीचाच निघाला.

होतं काय, तर जाड भिंत ताठरते, सैल पडून नीट भरत नाही. मागच्या डाव्या कर्णिकेवर ताण येतो. ती फुगते, स्नायूंत चट्टे पडतात, विजेचे संदेश वाट चुकतात. थरथर सुरू झाली की तिच्या कोपऱ्यात रक्त साकळतं, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली की स्ट्रोक. अनेकांना बीपी आहे हे तेव्हाच कळतं.

शिवाय हे चक्र स्वतःलाच पोसतं. १९९५ मध्ये मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी बकऱ्यांमध्ये मुद्दाम फिब्रिलेशन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं. आधी काही सेकंदांत आपोआप थांबायचं. दोन-तीन आठवड्यांनी बहुतेक बकऱ्यांत चोवीस तास उलटले तरी थांबेना.

तुमच्या-माझ्या घरातल्या टूडी एकोच्या रिपोर्टात 'एलव्हीएच' लिहिलेलं असतं ना, ती ब्राइटची भिंत. 'एलए डायलेटेड' ही ती फुगलेली कर्णिका. ब्राइटला ती शवागारात दिसली, आपल्याला माणूस जिवंत असताना दिसते. आणि बीपी आटोक्यात ठेवलं तर भिंतीची जाडी बऱ्याचदा काही अंशी उतरतेही.