सगळं असलेल्याला काय द्यावं?

ज्याच्याकडे सगळंच आहे त्याला काय द्यायचं, हा प्रश्न आपण वाढदिवसापुरता समजतो. १६१६ मध्ये अजमेरला इंग्रज वकील सर टॉमस रो यांच्यापुढे तो राजकारणाचा होता. त्यांना व्यापारी करार हवा होता. विलायतेची घोडागाडी जहांगीरने घेतली, पण आतलं मखमली अस्तर काढून त्याहून भारी कापड लावलं. रोंजवळचं एक छोटं चित्र मात्र त्याला फार आवडलं. दरबारी चित्रकाराकडून त्याने नकला करवल्या आणि 'यातलं तुमचं कुठलं?' असं विचारलं. मेणबत्तीच्या उजेडात रो गोंधळले, बादशहा खूश! गाडीपेक्षा चित्र सरस ठरलं, कारण त्यात बादशहाच्या रसिकतेला वाव होता. हवा तो करार रोंना मिळाला नाही, हेही आपण विसरू नये.