धानाच्या हंगामानंतरचे जागरण : गोंदिया जिल्ह्यातील मंडई, पट आणि नाटकाचा इतिहास

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. परंतु ज्या सांस्कृतिक प्रदेशाचा तो भाग आहे, त्याची ओळख या प्रशासकीय सीमेपेक्षा फार जुनी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होणाऱ्या या जंगलाच्या आणि तलावांच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारा येथील करमणुकीचा हंगाम हे त्या मुलुखाचे एक ठळक लक्षण आहे. दिवसा जत्रा किंवा बैलांची शर्यत, रात्रभर गाणी आणि नाटक, पहाटे परतीची वाट आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी पुन्हा तेच, असा हा क्रम प्रेक्षकाला आणि कलावंताला सारखाच थकवणारा असतो. तरीही त्याकडे केवळ रिकाम्या वेळेचा विरंगुळा म्हणून पाहता येत नाही, कारण सुगीनंतर गावात आलेले धान्य आणि पैसा यांचा काही भाग सार्वजनिक कामाकडे वळवण्याची ती एक रुजलेली व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचे वेळापत्रक धानाने, म्हणजे भातपिकाने, ठरवले आहे. पावसाळ्यात रोवणी झाल्यावर दिवाळीच्या सुमारास लवकर येणारा हलका धान कापणीला येतो आणि त्यानंतर उशिरा पिकणारा भारी धान हाती लागतो. कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे रचून ठेवलेले ढीग, मळून झाले की शेतकऱ्याला आणि मजुराला वर्षातील पहिली उसंत मिळते. नवेगावबांधसारखे मोठे तलाव बांधणारा कोहळी समाज, शेतीत अग्रेसर असलेला पोवार समाज, गुरे राखणारा गोवारी समाज आणि दक्षिण व पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्यातील गोंड व हलबा समाज यांची जीवनपद्धती भिन्न असली, तरी या उसंतीचा काळ सर्वांना सामाईक होता. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्याच, म्हणजे भातखाचरेच, सभागृह म्हणून वापरता येत असल्यामुळे जागेसाठी वेगळा खर्चही करावा लागत नसे.

हंगामाची सुरुवात मंडईने होते. मंडई या शब्दाने उर्वरित महाराष्ट्रात भाजीबाजाराचा बोध होत असला, तरी येथे तिचा अर्थ दिवाळीनंतर गावोगावी ठरलेल्या दिवशी भरणारी एक दिवसाची जत्रा असा आहे. बलिप्रतिपदेला गायगोधनाचा, म्हणजे गुरांच्या पूजेचा, विधी होतो, गोवारी मंडळी उंच बांबूला कापड आणि मोरपिसे बांधून सजवलेली ढाल वाजतगाजत नाचवतात, आणि भाऊबीजेनंतर एकामागून एक गावांच्या मंडया सुरू होतात. मंडईच्या निमित्ताने सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि सोयरिकीच्या गोष्टी निघतात. शेजारच्या छत्तीसगडमधील मडई हीदेखील याच जातीची जत्रा असल्यामुळे, मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या या सीमाभागात मंडई ही भाषेच्या रेषा ओलांडणारी संस्था ठरली.

मंडईच्या रात्रीचे जुने कलाप्रकार दोन आहेत. दंडार हा नृत्य, गाणे आणि सोंगे यांनी बनलेला समूहाचा खेळ असून त्यात गावातीलच पुरुष सर्व भूमिका करीत. झाडीबोलीचे, म्हणजे झाडीपट्टीतील बोलीचे, अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीच्या संशोधनाला अभ्यासाची शिस्त दिली. दुसरा प्रकार खडी गंमत हा होय. शाहीर, त्याचे साथीदार आणि स्त्रीवेषातील नाच्या हे उभ्यानेच खेळ करतात, ढोलकी, डफ, टाळ, तुणतुणे आणि चोनके या वाद्यांवर गाणी होतात आणि गाण्यांच्या मधून प्रसंगांची गुंफण होते. पश्चिम महाराष्ट्रातील तमाशाशी तिचे नाते उघड आहे. तमाशाप्रमाणेच येथेही शाहिरांमध्ये प्रश्नोत्तरांचे सामने रंगत आणि दोन मंडळे समोरासमोर उभी राहिली की सवालजवाब उजाडेपर्यंत लांबत. टेंभ्यांच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात चालणाऱ्या या खेळांना तिकीट नव्हते. मालगुजार, म्हणजे सरकारला सारा भरणारा गावाचा जमीनमालक, आणि गावकरी यांच्या धान्यावर, बिदागीवर आणि पाहुणचारावर ते चालत.

संगीत नाटक या प्रदेशात बाहेरून आले. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत सीतास्वयंवराचा प्रयोग केला, अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, आणि त्या परंपरेतील पदांची ओढ पुढे विदर्भाच्या पूर्व टोकापर्यंत पोचली. येथे मात्र नाटकाला बंदिस्त नाट्यगृह मिळाले नाही. मोकळ्या शेतात उतरता खड्डा खणायचा, निघालेली माती एका बाजूला टाकून तिचा उंच रंगमंच करायचा, वर कापडी मंडप ताणायचा आणि प्रेक्षकांनी त्या उतारावर बसायचे, अशी जी रचना येथे रूढ झाली, तिच्यामुळे मागे बसलेल्यालाही रंगमंच स्पष्ट दिसतो. नाटक रात्री दहाअकराच्या सुमारास उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. जंगलातील वाटेने रात्री परतणे धोक्याचे असल्यामुळे खेळ उजाडेपर्यंत लांबवण्यात प्रेक्षकाचीही सोय होती. ऑर्गन किंवा हार्मोनियम, तबला आणि पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्ये रंगमंचाजवळ प्रत्यक्ष वाजत असतात, आणि गाण्याला वन्समोअर मिळाला की नटाला ते पुन्हा म्हणावेच लागते.

नाटकाचे हे जाळे पसरण्यास रेल्वेची मदत झाली. नागपूर-छत्तीसगड मार्ग 1880 च्या दशकात गोंदियावरून गेला आणि बंगाल-नागपूर रेल्वेने तो 1887 मध्ये ताब्यात घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियातून उत्तरेस जबलपूरकडे आणि दक्षिणेस नागभीड व चांद्याकडे (आजचे चंद्रपूर) अरुंद रुळांचे फाटे निघाले. दक्षिणेकडील फाट्यावर अर्जुनीच्या पुढे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे स्थानक आहे, आणि आज झाडीपट्टीतील बहुतेक नाटक कंपन्यांची कार्यालये याच गावात आहेत. गावोगावची मंडळे हंगामापूर्वी वडशाला जाऊन कंपनी ठरवतात, तारीख आणि मोबदला पक्का करतात, आणि कंपनी नेपथ्य, वाद्ये व कलावंत घेऊन ठरलेल्या दिवशी गावात उतरते. हंगामात नटाला रोज नवे गाव गाठावे लागते आणि त्याची झोप प्रवासातच होते. या रंगभूमीवर सुमारे 800 भूमिका आणि 5,000 प्रयोग केलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या कष्टांची राष्ट्रीय पातळीवर ठळक नोंद घेतली गेली.

नाटकाचा दिवसाचा जोडीदार म्हणजे शंकरपट. दोन समांतर धावपट्ट्यांवर बैलांच्या जोड्या हलक्या छकड्याला जुंपून पळवायच्या, जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणायचे आणि वेळेवरून निकाल लावायचा, असा हा खेळ दोनतीन दिवस चालतो. पटाला पंचक्रोशीतील लोक आणि पाहुणे जमत असल्यामुळे त्याच रात्री नाटक ठेवले की तिकीटविक्रीची चिंता उरत नसे. नाटकाची तिकिटे, दुकानांच्या जागा आणि वाहने ठेवण्याची जागा यांतून जो पैसा येई, त्यातून कंपनीचा मोबदला भागवून उरलेली रक्कम गावाच्या मंदिराला, शाळेला किंवा अन्य सार्वजनिक कामाला लावण्याची पद्धत पडली. मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आल्यानंतर आश्रयदात्याची जागा गावच्या मंडळाने घेतली, आणि एका घराच्या दानाऐवजी अनेकांच्या तिकिटांतून सार्वजनिक निधी उभा राहू लागला.

प्रेक्षकाच्या प्रवासाचे साधनही याच काळात बदलले. पूर्वी कुटुंबे बैलगाडीने येत, स्वातंत्र्यानंतर टी. आय. सायकल (1949), ॲटलस (1951) आणि हिरो (1956) या कारखान्यांमुळे देशी सायकल हळूहळू सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली, आणि तरुण प्रेक्षकाला एका रात्रीत दूरचे गाव गाठणे शक्य झाले. सायकल स्वतःही करमणुकीचा विषय झाली. महाराष्ट्रात आणि मध्य भारतात गावोगावी फिरणारे सायकलपटू चौकात किंवा शाळेच्या मैदानात वर्तुळ आखून खाली पाय न टेकता अनेक दिवस सायकल चालवत. जेवण, अंघोळ आणि दाढीही सायकलवरच होई, रात्री ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी व नाच होत, आणि देणगी देणाऱ्याचे नाव पुकारून पैसे गोळा केले जात. मनोजकुमार यांच्या 1972 च्या ‘शोर’ या चित्रपटाचा नायक मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी असाच सलग सायकल चालवतो, यावरून हा खेळ प्रेक्षकांच्या किती परिचयाचा होता हे दिसते. सहनशक्तीची अशीच परीक्षा पाहणाऱ्या सहा दिवसांच्या सायकलशर्यती न्यूयॉर्कमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय होत्या. तेथील कायद्याने एका स्वाराला दिवसाला बारा तासांहून अधिक चालवण्यास मनाई केली, तेव्हा 1899 पासून दोघांच्या जोड्या आळीपाळीने धावू लागल्या. भारतातील फिरत्या सायकलपटूला असे संरक्षण मिळाले नाही. त्याची दमणूक हेच त्याचे भांडवल होते.

चित्रपटाने या हंगामाचा शेवट केला असता, असे वरवर पाहता वाटते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत यंत्र व पडदा घेऊन जत्रेतून जत्रेत जाणारे तंबूतील सिनेमे महाराष्ट्रभर पसरले; त्यांच्या अखेरच्या काळावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. झाडीपट्टीत मात्र चित्रपटाने नाटकाला हटवले नाही. नाटकानेच चित्रपटातील चाली, नृत्ये, विनोदाची धाटणी आणि जाहिरातीची भडक भित्तिपत्रके उचलली. छत्तीसगडच्या नाचा या लोकनाट्यातही दाऊ मंदराजी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्मोनियम आणून असाच बदल घडवला होता. नवे घेऊन जुने टिकवण्याची ही रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे.

खरा धक्का कायद्याच्या मार्गाने आला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, आणि पट बंद पडलेल्या गावांत रात्रीच्या नाटकाचा दिवसाचा आधार निघून गेला. पुढे राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. दरम्यान करोनाच्या साथीने 2020-21 चा हंगामही जवळजवळ कोरा गेला होता. बैलांना होणाऱ्या वेदनेचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आजच्या नियमांचे पालन ही आयोजकांची जबाबदारी आहे. तथापि बंदीच्या काळातही मंडईच्या आधाराने नाटक चालूच राहिले.

या इतिहासावरून असा निष्कर्ष निघतो की गोंदियाच्या या हंगामाचे बळ कोणत्याही एका कलाप्रकारात नाही. दंडारीची जागा नाटकाने घेतली, बैलगाडीची सायकलने आणि पुढे मोटारसायकलने घेतली, मालगुजाराची मंडळाने घेतली. कायम राहिले ते धानानंतरची उसंत, पाहुण्यांनी भरलेले गाव आणि उत्पन्नातला वाटा गावाच्या कामाला देण्याची रीत. म्हणूनच या रंगभूमीचे जतन करू पाहणाऱ्यांनी शहरातील महोत्सवांत तिचे नमुने दाखवण्यापेक्षा गावच्या मंडळांना बळ देणे अधिक उपयोगाचे ठरेल, कारण तिकीट विकणारे आणि हिशेब ठेवणारे मंडळ टिकले, तर नाटक टिकेल.