जलपर्णीपासून प्लास्टिक: एका तंत्राची कुळकथा

जीवाणू प्लास्टिक बनवतात, हे माणसाला जवळपास शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेम्वान्य यांनी 1926 साली 'बॅसिलस मेगाटेरियम' या जीवाणूत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे पीएचबी, ओळखले. नायट्रोजन कमी पडला आणि साखर मुबलक असली, की वाढ खुंटलेला जीवाणू जादा कार्बन पीएचबीच्या चमकदार कणांच्या रूपात पेशीत साठवतो. 'क्युप्रिआव्हिडस नेकॅटर' या जीवाणूच्या कोरड्या वजनात हा साठा 80 टक्क्यांपर्यंत जातो. तो वेगळा काढला की साच्यात ओतता येतो, आणि मातीतले जीवाणू तो पुन्हा खाऊन टाकतात. 1970च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने याच जातीचे 'बायोपॉल' नावाचे प्लास्टिक बनवायला घेतले. 1990 साली जर्मनीत वेला कंपनीचा शॅम्पू त्याच्या बाटल्यांतून विकला गेला. तरीही धंदा फोफावला नाही. जीवाणूंना घालायचे ग्लुकोज विकत घ्यावे लागे आणि तेलापासूनचे प्लास्टिक कितीतरी स्वस्त पडे.

म्हणूनच संशोधकांची नजर फुकटच्या खाद्याकडे वळली. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली जलपर्णी शोभेची म्हणून जगभर नेली गेली आणि डोईजड झाली. बंगालमध्ये तिच्यासाठी 1936 साली कायदा करावा लागला. आज पुणे परिसरातल्या मुळा-मुठा आणि पवना या नद्या सांडपाण्यावर तिला पोसतात. ती सुकवून, दळून, सौम्य आम्लात उकळली आणि मग विकरांनी फोडली की तिच्यातल्या सेल्युलोज व हेमिसेल्युलोजमधून साखर सुटते. त्या साखरेवर पीएचबी तयार होते, हे भारतातल्या प्रयोगशाळांतही सिद्ध झाले आहे.

यावरचे आक्षेप खरे आहेत. जलपर्णीत 90 ते 95 टक्के पाणी असते. शंभर टन उपसली तर कोरडा माल पाच-दहा टनच उरतो, आणि साखरेच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढेच प्लास्टिक मिळते. सुटलेल्या साखरेत झायलोजही असते, ते नेकॅटरचा मूळ वाण पचवत नाही. शिवाय ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषते. पण महापालिका ती उपसण्यावर आजही पैसे खर्च करतात आणि ढीग काठावर कुजतो. उपशाचा खर्च आधीच झालेला असेल तर हिशेब बदलतो; झायलोज खाणारे जीवाणू आहेत, आणि धातूंची तपासणी करता येते.

सर्वांत गंभीर भीती वेगळीच आहे: कारखान्यासाठी जलपर्णी टिकवून धरली जाईल. म्हणून हा उद्योग सांडपाणी शुद्धीकरणाला पर्याय म्हणून कधीही मंजूर होता कामा नये. नदी स्वच्छ होऊन कच्चा माल संपला, तर कारखान्याने उसाच्या मळीकडे वळावे. नदीने कारखान्यासाठी घाण राहू नये.