सणाचे पान आणि पंगत

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असता जेवणाच्या बेताविषयी चर्चा सुरू झालेली नाही, असे घर आपल्या ज्ञातीत क्वचितच आढळेल. पाडव्याला लेक-जावई यावयाचे असतात, भाऊबीजेला भाऊ यावयाचे असतात, मधल्या एखाद्या दिवशी स्नेहीसोबती बोलवावयाचे असतात. पदार्थांची यादी होते, खोडली जाते आणि पुन्हा लिहिली जाते. गतवर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी स्नेहभोजनाचा बेत ठरविण्याकरिता जी बैठक भरली, तीतही हेच घडले. पान आपले परंपरागतच असावे, असा ज्येष्ठांचा आग्रह पडला. तरुण मंडळींना पनीरची भाजी व आणखी काही नवे जिन्नस हवे होते. शब्दाने शब्द वाढला, आणि सांगावयास खेद वाटतो की, दोन कुटुंबे त्या भोजनास आलीच नाहीत. 'परंपरागत' हा शब्द त्या दिवशी आम्हीही मोठ्या आवेशाने उच्चारला होता. ही परंपरा किती जुनी आणि नेमकी कोणती, हा प्रश्न मात्र घरी परतल्यावर पडला. त्याचा जो थोडाबहुत मागोवा घेतला, तो येथे ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आपल्या प्रदेशातील खाद्यपदार्थांचे जुने व सविस्तर वर्णन पहावयाचे तर 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाकडे वळावे लागते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने तो इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण होय. या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, उडदाच्या पिठाची 'इडरिका' आहे, आणि पाणी निथळून काढलेल्या दह्यात साखर घालून केलेली 'शिखरिणी' आहे. आपल्या श्रीखंडाची ही पणजीच म्हणावयाची. त्याच प्रकरणात मांसाचेही अनेक प्रकार दिलेले आहेत. तेव्हा सामिष की निरामिष, हा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना त्या राजाच्या पाकशाळेत आधार सापडेल. मांड्यांचे स्थान तर लोकमानसात इतके दृढ होते की, मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा घरोघर सांगितली जाते, आणि मनोराज्य करणाऱ्याला आपण आजही 'मनात मांडे खातो' असे म्हणतो. तरीही आज सणाला मांडे करणारी घरे किती उरली आहेत, याचा प्रत्येकाने आपल्याशीच विचार करावा. परंपरेचा एवढा मानाचा पदार्थ आपल्या पानावरून उठला आणि आपण त्याविषयी बैठकीत एक शब्दही काढला नाही!

त्या सोमेश्वराच्या पाकशाळेत जे नव्हते, ते पाहू गेल्यास अधिकच आश्चर्य वाटते. तेथे मिरची नव्हती. तिखटपणा येई तो मिऱ्यांनी. बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, काजू नव्हता, शेंगदाणाही नव्हता. ही सारी अमेरिका खंडातील पिके होत. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले, आणि त्यानंतरच्या काळात त्यांच्या गलबतांतून यांतील बरेच जिन्नस आपल्या किनाऱ्यास लागले. शब्दच त्याची साक्ष देतात. बटाटा, काजू, कोबी आणि पाव हे चारही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले आहेत. मिरचीने मात्र आपल्याच मिऱ्याचे नाव धारण केले व ती या घरची होऊन बसली. बटाटा लोकांच्या अंगवळणी पडण्यास पुढे फार काळ लागला. टोमॅटो व फ्लॉवर ही तर इंग्रजी अमदानीतील देणगी. एकादशीचा फराळ सोवळ्यातला म्हणून आपण मानतो. परंतु साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, खिचडीतील बटाटा, शेंगदाण्याचा कूट आणि मिरची ही चौघेही समुद्रापलीकडची आहेत. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या आपल्या पूर्वजांनी समुद्र ओलांडून आलेल्या या पाहुण्यांना उपवासाच्या पानावर बसविले, ही मौजच नव्हे काय?

पक्वान्नांचीही हीच कथा आहे. जिलेबीचे मूळ अरबी-फारसी 'झलाबिया' या पदार्थात आहे. समर्थ रामदासांचे समकालीन असलेले पंडित रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात जिलेबीची कृती येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीच्या इतिहासाचा साक्षेपाने शोध घेतला होता. म्हणजे परदेशातून आलेला पदार्थ तीनशे वर्षांपूर्वीच आपल्या शास्त्रीपंडितांच्या ग्रंथात मानाने जाऊन बसला होता. दिवाळीचे शंकरपाळे घ्या. नावात शंकर आला तरी मूळ शब्द फारसी 'शक्करपारा', म्हणजे साखरेचा तुकडा, हा आहे. साखरही पूर्वी घरोघर अशी मुबलक नव्हती. सामान्य घरचा सण गुळावरच होई. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे असे कारखाने गावोगाव झाले, आणि साखर खेड्यातील पानावरही सहज दिसू लागली.

तेव्हा पानावरील पदार्थ प्रत्येक पिढीत पालटत आले आहेत, हे उघड आहे. पालटली नाही ती पानाची रीत. केळीच्या पानाचे अग्र जेवणाऱ्याच्या डावीकडे यावे. मीठ प्रथम वाढावे. लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूस, भाज्या उजव्या बाजूस आणि भाताची मूद मध्यभागी असावी. आरंभ वरणभात-तुपाने व शेवट ताकभाताने व्हावा. यात शोभा आहे तशीच सोयही आहे. जे थोडे थोडे खावयाचे ते डावीकडे, जे पुनःपुन्हा घ्यावयाचे ते उजव्या हाताशी. आरंभी पचावयास हलके, अखेरीस पोट निवविणारे. सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न १७८३ साली पुण्यास झाले, तेव्हा नाना फडणिसांच्या देखरेखीखाली कामांची वाटणी करून देण्यात आली होती. राज्याचा कारभार पाहणाऱ्या मुत्सद्द्यासही पंगतीची व्यवस्था क्षुल्लक वाटली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथवर लिहिले ते अभिमानाचे. परंतु इतिहास लिहू म्हणणाऱ्याने केवळ आवडते तेवढेच लिहावे, हे योग्य नव्हे. आपल्या पंगतीच्या रीतीत एक रीत अशीही होती की, कोणी कोणाजवळ बसावे आणि कोणी मुळीच बसू नये, हे जन्मावरून ठरे. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली. तिच्या सभासदांना जातिनिर्बंध मोडल्याची खूण म्हणून पाव खावा लागे, आणि हे सारे गुप्तपणे चाले. इतके भय त्या एका तुकड्याचे होते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी एका समारंभास गेली असता तेथे चहा व बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. याउलट कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातील चहा स्वतः घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायदा झाला, परंतु तो घराच्या उंबऱ्याच्या आत यावयास विलंब लागला.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळातील दिवाळी आम्हांस चांगली आठवते. शिधापत्रिकेवर तांबडा मिलो मिळे, दुष्काळी कामावर सुकडी वाटली जाई, आणि साखर-तेलाची ओढ घरोघर होती. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. आईने त्या वर्षी पाडव्याला एकच गोड केले, गुळाची खीर. तरीही आमच्या वर्गातील एका मित्राला जेवावयास बोलावण्याची परवानगी तिने दिली. तो आला, आणि थोरल्या काकूंनी त्याचे पान पडवीत, आम्हां सर्वांपासून दूर मांडले. पानावर काहीही कमी नव्हते; खीर आम्हांला होती तेवढीच त्याला होती. तो मान खाली घालून जेवला, पान स्वतः उचलून बाहेर टाकून आला व निघून गेला. आई काही बोलली नाही. आम्हीही उठून त्याच्याजवळ जाऊन बसलो नाही. पुढे शाळेत तो आमच्याशी पूर्वीसारखाच बोले. परंतु आमच्या घरी तो पुन्हा कधी आला नाही. थोरल्या काकूंची रीत त्या काळच्या मानाने परंपरागतच होती. गतवर्षीच्या बैठकीत हा शब्द आम्ही उच्चारला, तेव्हा ती पडवी आम्हांस आठवली नाही, याची आज लाज वाटते.

म्हणून आमचे नम्र मत असे की, सणाचा बेत ठरविताना प्रथम पदार्थांची यादी करू नये, माणसांची करावी. कोण येणार, त्यांत वृद्ध किती, मधुमेहाचे पथ्य असणारे किती, मुले किती, आणि कोणाला गतवर्षी बोलवावयाचे राहून गेले, हे आधी लिहावे. मुलांचे मित्र कोणत्याही ज्ञातीचे असोत, त्यांचे पान त्याच ओळीत असावे. मग पदार्थ ठरवावेत. एक पक्वान्न, दोन भाज्या, एक कोशिंबीर, एक चटणी, एक तळलेला जिन्नस, वरणभात व ताक. यापुढे यादी वाढू लागली की ती पाहुण्यांसाठी नसून शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी आहे, असे समजावे.

नवीन संसार थाटणाऱ्यांच्या सोयीसाठी पंचवीस पानांचा साधारण अंदाज देतो. तांदूळ अडीच किलो, तूरडाळ एक किलो, पुऱ्यांसाठी कणीक दोन किलो, भाज्या प्रत्येकी तीन किलो. बासुंदी करावयाची तर आठ लिटर दूध निम्मे होईतो आटवावे. प्रत्येकी वाटीभर सहज पुरते. श्रीखंड असल्यास चक्का आदल्या रात्री टांगून ठेवावा, म्हणजे सकाळी गृहिणीची धांदल होत नाही. दोन भाज्यांपैकी एक जुन्या वळणाची असावी, अळूची किंवा लाल भोपळ्याची. दुसरी तरुणांच्या पसंतीची असण्यास हरकत नाही. ज्या पानाने बटाटा आणि मिरची आपलीशी केली, ते पान पनीराने बाटेल असे मानण्यास इतिहासात आधार नाही. मात्र तरुणांनीही अळूच्या भाजीची चव घेतल्यावाचून तिला जुनाट म्हणू नये. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याच्या मापाने कृती दिल्या आहेत. ज्यांच्या घरी शिकविणारे वडीलधारे माणूस नाही त्यांनी ते पुस्तक जवळ ठेवावे.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आमच्या परिचयाच्या एका ज्ञातिबांधवाने दोन वर्षे कोणाकडेच जेवावयास जाणे सोडले आहे. कारण विचारता ते म्हणाले, "गुरुजी, गेलो तर उलट बोलवावे लागेल, आणि त्यांच्यासारखी सात पक्वान्ने आमच्याने होणे नाही." ज्या पानामुळे माणूस माणसाकडे जाणे सोडतो, त्या पानावर कितीही पदार्थ असले तरी ते रिकामेच होय. यंदाच्या दिवाळीत त्या गृहस्थांना आम्ही सहकुटुंब जेवावयास बोलावले आहे, आणि बेत मुद्दाम साधा ठेवला आहे: वरणभात, अळूची भाजी, नातीच्या हट्टाखातर पनीरची भाजी, आणि पक्वान्न म्हणून आईच्या पद्धतीची गुळाची खीर. गतवर्षी जी दोन कुटुंबे रुसून राहिली, त्यांनाही निमंत्रण गेले आहे. सर्वांची पाने एकाच ओळीत मांडली जातील. ज्ञातिबंधुभगिनींनीही आपापल्या घरी यथाशक्ति असेच करावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.