ॲब्रिज : नुसतं आखूड करायचं, की काढूनच घ्यायचं?

मंडळी, 'ॲब्रिज' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना भेटतो तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. 'ॲब्रिज्ड एडिशन', म्हणजे डिकन्सची जाडजूड कादंबरी शंभर पानांत! ब्रिजशी, म्हणजे पुलाशी, त्याचा काही संबंध नाही बरं का. मूळ लॅटिन 'ब्रेविस', म्हणजे आखूड. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. 'ॲब्रीव्हिएट' हा त्याचा सख्खा भाऊ.

पण हा शब्द खरा गाजला तो कायद्यात. १७९१ साली अमेरिकेच्या घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्य 'ॲब्रिज' करणारा कायदा करायला काँग्रेसला मनाई केली. म्हणजे काढून घेणं तर सोडाच, आखूडसुद्धा करू नका. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीत तर जोडीच आली : वंशावरून मताधिकार नाकारायचा नाही आणि 'ॲब्रिज'ही करायचा नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी मग काय केलं? 'काळ्यांना मत नाही' असं लिहायचं टाळलं. मतदानासाठी कर लावला, लिहिता-वाचता येण्याची परीक्षा ठेवली. कागदावर हक्क शाबूत, हातात भोपळा! संघराज्याच्या निवडणुकांतला हा कर गेला तो थेट १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने.

आपल्या घटनेच्या कलम १३ मध्येही हीच जोडी आहे. मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा 'ॲब्रिज' करणारा कायदा राज्याने करायचा नाही. मराठीत त्यासाठी शब्द आहे 'संकोच'. आपल्याला संकोच म्हटलं की लोकांकडे जेवताना दुसरी पोळी नको म्हणणंच आठवतं :) पण मूळ अर्थ आक्रसणं. चपखल आहे.

आता खरी मेख. घटनादुरुस्ती हा 'कायदा' धरायचा का? धरला, तर संसदेचेही हात बांधलेले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ मतांनी म्हणालं, हो. पंजाबातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचा खटला, पण जमीन सुधारणांचं सगळं राजकारणच त्यात अडकलं. १९७१ मध्ये संसदेने दुरुस्ती करून तो निकाल पुसला. (तीही चोविसावीच. योगायोग!)

मग १९७३ चा केशवानंद भारती खटला. १३ न्यायाधीश, निकाल ७ विरुद्ध ६. मठाच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला. ठरलं असं, की दुरुस्तीने हक्कांचा संकोच करता येईल, पण घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावता येणार नाही. माझ्या मते आपल्या लोकशाहीतला सगळ्यात मोलाचा 'पण' हाच. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर?

असो. ज्या मालमत्तेच्या हक्कावरून एवढं रामायण झालं, त्याचा संकोच वगैरे करण्याच्या भानगडीत पुढे कोणी पडलंच नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून सरळ काढूनच टाकला.