नामदेवांची औंढ्याची वाट

सरकारी दप्तरात हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता; तथापि या भूमीच्या धर्मजीवनाचा इतिहास या दोन्ही तारखांहून पुष्कळ जुना असून कयाधूकाठचे नरसी आणि नागनाथाचे औंढा ही त्याची दोन मुख्य ठाणी होत. नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव, शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० मधले, औंढा हे त्यांना गुरू भेटल्याचे स्थान. लोकांचे दुःख निवारण्यास निघालेल्याने आधी स्वतःच्या अंतःकरणाची शुद्धी करून घ्यावी, आणि तीही स्वतःच्या मनाने नव्हे, तर जाणत्याच्या देखरेखीखाली, हा जो दंडक आज ध्यानशिबिरांतून नव्याने सांगितला जातो, त्याचे एक जुने आणि ठळक उदाहरण औंढ्याच्या या भेटीत सापडते.

परंपरा सांगते ती हकीकत अशी. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभारांनी थापटणे हाती घेतले आणि बसलेल्या प्रत्येकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. इतर सारे निमूट राहिले, नामदेव मात्र संतापले, आणि हे मडके कच्चे असल्याचा निवाडा गोरोबांनी भरसभेत दिला. ज्याच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो अशी ज्याची ख्याती, त्याला हा अपमान सोसवेना. त्याने पंढरीस जाऊन देवापाशीच फिर्याद गुदरली, आणि देवानेही कैवार न घेता त्याची रवानगी विसोबा खेचरांकडे केली. औंढ्याच्या देवळात पाहतात तो हा वृद्ध शिवलिंगावर पाय टाकून निजलेला. नामदेवांनी दटावताच, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच तो म्हणाला. नामदेव पाय ठेवीत गेले, आणि जेथे ठेवावेत तेथे लिंगच दिसू लागले. कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु दुखावलेल्या शिष्याचे सांत्वन न करता त्याची दृष्टीच पालटावी, ही या गुरूची रीत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण हा गुरू स्वतः एके काळी मत्सराने पोळलेला होता. आळंदीस असताना विसोबा चाटी म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ संन्याशाची मुले म्हणून ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करी, मांडे भाजण्यासाठी मुक्ताबाईंना खापरही मिळू नये अशी तजवीज करी, आणि ज्ञानदेवांच्या पाठीवर ते मांडे भाजले गेलेले पाहिले तेव्हाच त्याचा अहंकार गळून तो त्यांना शरण गेला, असे संतचरित्रे सांगतात. ज्या मुक्ताबाईंच्या कृपेने तो निवळला, त्यांनीच लोकनिंदेने उद्विग्न होऊन ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ताटीच्या अभंगांनी बाहेर आणले, अशी परंपरा आहे. म्हणजे विश्वकल्याणाचे मागणे मागणाऱ्या त्या महापुरुषालाही एकदा धाकट्या बहिणीच्या समजावणीची गरज भासली होती.

विसोबांच्या साधनेचे स्वरूप केवळ आख्यायिकेवर अवलंबून नाही. रा. चिं. ढेरे यांनी त्यांचे ‘षट्स्थल’ हे प्रकरण संपादून प्रसिद्ध केले, आणि मराठवाड्यातील वारकरी पंथाचा वीरशैव विचाराशी असलेला जुना संबंध अभ्यासकांपुढे आला. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशा सहा पायऱ्या वीरशैव मताने मानल्या आहेत. त्यात साधक बाह्य पूजेपासून हळूहळू आत वळतो, चौथ्या पायरीवर आपल्या प्राणालाच लिंग मानून त्याची उपासना करतो, आणि अखेरीस उपास्य व उपासक हा भेदच मावळतो. या क्रमात गुरूवाचून पाऊल पडत नाही. सर्वत्र लिंग पाहावयास शिकविणारी औंढ्याची कथा या विचारापासून दूर नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल.

औंढ्याचे देवालयही जणू याच वळणाचे आहे. खालची कोरीव भिंत यादवकालीन, शिखर उत्तरकालीन, आणि जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते; परंतु मूळ लिंग या भव्य मंडपात नसून जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात आहे, आणि अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून, मान लववून खाली उतरल्याखेरीज त्याचे दर्शन घडत नाही. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथा तेथे आजही सांगितली जाते.

या भेटीनंतरचे नामदेव निराळे आहेत. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, पुढे देवगिरीचे राज्य लयास गेले, आणि या पडत्या काळात नामदेव नामाची पताका घेऊन पंजाबपर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. थापटण्याच्या एका टोल्याने संतापणारा मनुष्य परक्या भाषेच्या, परक्या रिवाजांच्या लोकांत इतका रुजला नसता.

विसाव्या शतकात हाच क्रम महाराष्ट्राने दुसऱ्या वेषात पाहिला. ब्रह्मदेशातील व्यापारी सत्यनारायण गोएंका असह्य अर्धशिशीने गांजून १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १४ वर्षे त्यांच्या हाताखाली साधना केल्यावर, १९६९ मध्ये, त्यांनी मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले, आणि पुढे इगतपुरीस धम्मगिरी उभी राहिली. तेथील शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा, चौथ्या दिवसापासून देहाच्या संवेदना, आणि सर्वांविषयी मंगल मैत्रीचा अभ्यास येतो तो दहाव्या दिवशी. आधी स्वतःकडे पाहणे, मग इतरांचे मंगल चिंतणे, हा क्रम औंढ्याच्या माणसाला परका वाटू नये.

दुष्काळाने आणि कर्जाने खचलेल्या घरांना धीर देण्याचे काम आज या जिल्ह्यात शिक्षक, डॉक्टर, आशाताई आणि कीर्तनकार करीत आहेत. आपला राग, आपली थकावट आणि आपले मोठेपण हे सारे घेऊन ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसले, तर त्या घराचे ओझे हलके न होता वाढेल. त्यांच्यापैकी प्रत्येकाला आपला विसोबा गाठण्याची सवड आणि संकोच न बाळगता तसे करण्याची मोकळीक समाजाने दिली पाहिजे; ही चैन नसून त्यांच्या कामाचाच पहिला भाग आहे, आणि खुद्द नामदेवांनाही तो चुकला नाही.